शिकार आणि नेमबाजी : जुन्नर-आंबेगाव परिसरातील नवशिक्यासाठी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे. तेथे हौसेने बंदूक हाती घेणाऱ्या नवशिक्याने शिकार व नेमबाजी यांतील भेद प्रथम ओळखला पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियमात १९७२ साली परवान्याने शिकारीस वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो संपला. स्वसंरक्षणाचा निकराचा प्रसंग वगळता, माणसाला धोकादायक ठरलेला बिबट्याही सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाविना मारता येत नाही. गोठ्याचे रक्षण भक्कम दार करते. नेमबाजी मंडळाचे सभासदत्व नव्हे.

नेमबाजीचा आरंभ बहुधा १० मीटर एअर रायफलने होतो. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, तर लक्ष्याचा मध्यबिंदू अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे, आणि नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर, हे पहिले धडे होत. मग श्वास आवरून चाप हळुवार दाबण्याचा अभ्यास. शिकारी सावजाच्या हालचालीवर नजर ठेवी; नेमबाजाला स्वतःचीच हालचाल जिंकावी लागते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफल प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक मिळविले, ते याच संयमाच्या बळावर.