स्पेसशिपमध्ये झोपायचं कुठे?

पडद्यावर स्पेसशिप सुसाट सुटतं, पण त्यातली माणसं झोपतात कुठे, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? अमेरिकेतल्या फ्रान्झ जोसेफ यांनी त्याचं उत्तर चक्क कागदावर काढलं. विमान-उद्योगात डिझाइनचं काम केलेला माणूस, नोकरी संपलेली आणि मुलगी ‘स्टार ट्रेक’ची फॅन. मग काय, बसले ड्रॉइंग बोर्डवर! ‘एंटरप्रायझ’चे मजले, केबिन, अगदी बोलिंग अॅलीसुद्धा त्यांनी मापात बसवली. १९७५मध्ये १२ शीट्सचा संच बाजारात आला आणि धडाधड खपला.

सेटवर तीन भिंती भागतात. नकाशात मात्र चौथी भिंत आणि तिच्यापलीकडचंही दाखवावं लागतं. करून बघायचंय? लाडकं यान निवडा, माणसाच्या उंचीवरून दाराचं माप काढा आणि तिथून पुढे सरका.