विश्लेषण : मळलेली वाट सोडून एकट्याने डोंगरात जाणे किती धोक्याचे?

पाऊस ओसरला की सह्याद्रीतल्या नावाजलेल्या गडांवर रांगा लागतात. गर्दी टाळण्यासाठी काही जण एकटेच आडवाटेने निघतात. या भटकंतीत सुरुवात बहुधा किरकोळ चुकीनेच होते. पण सोबत कोणी नसल्याने तीच महागात पडते.

वाट कशामुळे चुकते?

सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून घडला. त्यामुळे उभा कडा, त्याखाली सपाट पदर, पुन्हा कडा अशी त्याची रचना आहे. वरून पाहताना नाळ थेट गावात उतरते असे वाटते. मधला कडा दिसतच नाही. घसाऱ्यावरून खाली आलेल्या माणसापुढे कडा आणि मागे न चढता येणारा उतार अशी कोंडी होते. ढोरवाटाही फसव्या. त्या पाण्यापर्यंत किंवा चराईपर्यंत जातात आणि कारवीच्या रानात विरतात.

कोणते प्राणी भेटू शकतात?

कोयना, चांदोली, राधानगरीच्या जंगलात गवे, अस्वले आणि बिबटे आहेत. चाहूल लागली की ते बहुधा स्वतःच दूर होतात. धोका असतो तो अचानक समोरासमोर येण्याचा. म्हणून दाट झाडीत काठी आपटत चालावे. गवा समोर उभा असेल तर न पळता हळूहळू मागे सरावे.

दगडाखाली फुरसे, फांदीवर हिरवा चापडा असू शकतो. नजर पोहोचत नाही तिथे हात घालू नये. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी आहे, चापड्यासाठी नाही. दंश झाल्यास जखम कापू वा चोखू नये, आवळून बांधू नये. हालचाल कमीत कमी ठेवून रुग्णालय गाठावे.

आग्या माश्या धूर, गोंगाट आणि उग्र वासाने चवताळतात. चिरडलेल्या माशीच्या वासाने आणखी माश्या येतात. त्यामुळे त्यांना न मारता तोंड झाकून दूर पळावे.

वाट चुकल्यास काय करावे?

आधी थांबावे. उजेड असेल तर ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत माघारी फिरावे. अनोळखी नाळेत उतरू नये. मोबाइलला रेंज नसली तरी जीपीएस चालते, मात्र नकाशा आधीच उतरवून घेतलेला हवा. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबणे, हा मदतीचा संकेत आहे. रेंज मिळताच ११२ वर फोन करावा.

परवानगी लागते का?

कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर ही अभयारण्ये आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात परवानगीविना फिरणे गुन्हा ठरू शकतो. निघण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी.

शेवटची खबरदारी सगळ्यात सोपी. पायथ्याच्या गावात कोणाला तरी कुठून चढणार, कुठे उतरणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे सांगून जावे. वेळ टळली, तर शोध कुठून सुरू करायचा हे निदान एका माणसाला ठाऊक असते.