कोयनेच्या जंगलातला भेरली माड

माड बघायला कोकणातच उतरायला हवं असं नाही! साताऱ्याहून पाटणमार्गे कोयनानगरला या आणि नवजाच्या रस्त्याने दरीकडे नजर ठेवून चला. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा भेरली माड लगेच ओळखू येतो. मला मोहात पाडतो तो त्याचा फुलोरा. पहिला घोस शेंड्याजवळ येतो, मग एकेक खालच्या पेरावर. सगळ्यात खालचा फळला, की झाड वाळून मरतं. म्हणून लोंबते घोस कुठवर उतरलेत ते नक्की बघा. झाडाचं किती आयुष्य उरलंय याचा अंदाज येतो. पिकली फळं उदमांजरं आवडीने खातात, बियाही तीच पसरवतात. आपण मात्र हात लावू नये. गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, भयंकर खाज सुटते.