पाळी जाते आणि कंबर वाढते

‘‘खानं तं काहीच नाही मॅडम, तरी पोट सुटूनच राह्यलं.’’ सोयाबीनची सोंगणी आटोपली, हाताला थोडी उसंत मिळाली की माझ्या दवाखान्यात हे वाक्य ऐकू येऊ लागते. सांगणारी बाई बहुधा पंचेचाळीस ते पन्नाशीतली असते. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांनी येत असते, किंवा वर्षापूर्वीच गेलेली असते. जोडीला गुडघेदुखी असते, रात्री अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन झोप मोडत असते. सोबत आलेली सून कधी कधी पदराआड हसते. सासूबाईंचे ‘काहीच नाही’ म्हणजे किती, हे तिला ठाऊक असते! तरीही बाईची तक्रार खोटी नसते. पूर्वीइतकेच खाऊन आता पोट वाढते आहे, हा तिचा अनुभव खरा आहे. तिचे औषध मात्र ती चुकीच्या जागी शोधते.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे आम्ही म्हणतो. पाश्चात्य देशांत हे वय सरासरी एक्कावन्न आहे. आपल्याकडील स्त्रियांची पाळी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते आणि त्याआधीची चार-पाच वर्षे शरीरात बदल चालूच असतात. म्हणजे तयारी करायची ती चाळिशीपासून.

या काळात अंडाशयातून तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होत जाते. तरुणपणी चरबी मांड्या आणि नितंबांवर साठते, ती आता पोटावर आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठू लागते. त्याच सुमारास स्नायू झिजू लागतात आणि हाडांतला चुनाही भराभर कमी होतो. यातली गंमत, खरे तर फसवणूक, अशी की वजनकाट्यावर फारसे काही दिसतच नाही. दोन किलो स्नायू गेले आणि दोन किलो चरबी आली तर काटा जागचा हलत नाही. परकराची नाडी मात्र आखूड पडू लागते.

‘वयानुसार शरीराची चरबी जाळण्याची ताकदच कमी झाली’ असे सर्रास बोलले जाते. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजणीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचे आकारमान लक्षात घेऊन पाहिले तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत शरीर साधारण सारखीच ऊर्जा खर्च करते, असे त्यात आढळले. तेव्हा सगळा दोष वयावर ढकलता येत नाही. स्नायू घटले, हालचाल कमी झाली, झोप मोडली, मुले मोठी होऊन घरात मिक्सर आणि दारात स्कूटी आली, या गोष्टींकडे पाहावे लागते. आणि या गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हातातल्या आहेत.

म्हणून मी बायकांना वजनकाट्याऐवजी शिंप्याचा टेप वापरायला सांगते. सकाळी, पोट रिकामे असताना, लुगडे सैल करून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप गुंडाळावा. श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये (हे सगळ्याच करतात). घेर ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांपेक्षा जास्त असेल तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. गावातली आशाताई तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरते, त्यातही कमरेच्या घेराचा रकाना आहे आणि स्त्रियांसाठी तिथेही ८० चीच रेघ आहे. तिने टेप काढला की लाजून आत जाऊ नका.

आता उपासाविषयी. वजन वाढले की आपल्याकडची बाई पहिल्यांदा एक वार वाढवते. सोमवार होताच, त्यात गुरुवार येतो, चतुर्थी आणि एकादशी आहेतच. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही, मीही एकादशी करते. पण वजन उतरवण्यासाठी उपास करणार असाल तर ताटात काय आहे ते पाहा. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे साडेतीनशे कॅलरी असतात आणि प्रथिने जवळजवळ नाहीत. त्यात मूठभर दाण्याचा कूट आणि पळीभर तूप पडले की एका ताटलीचे सहाशेच्या वर जाते. दोन भाकरी, वरण आणि पालेभाजी यांत साधारण तितक्याच कॅलरी मिळतात, वर प्रथिने आणि चोथाही मिळतो. उपास करायचाच तर भगर, राजगिरा, दही, ताक, फळ यांवर करावा.

दुसरा प्रकार याहून वाईट. सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी पोळी, रात्री काही नाही. असे महिनाभर केले की काटा तीन किलो खाली येतो आणि बाई खूश होते. त्या तीन किलोंत बराचसा भाग स्नायूंचा असतो. पुढच्या लग्नसराईत वजन परत येते ते चरबीच्या रूपाने. असे दोन-तीन वेळा झाले की बाई दिसायला तेवढीच, पण जिना चढताना कठडा धरणारी होते.

या वयात जेवण कमी करण्याआधी त्यातले प्रथिन वाढवायला हवे. साठ किलोच्या बाईने दिवसाला पन्नास ते साठ ग्रॅमपर्यंत प्रथिने घ्यावीत. एका ज्वारीच्या भाकरीत सहा-सात ग्रॅम, घट्ट वरणाच्या वाटीत सहा, पेलाभर दुधात सहा-सात, एका अंड्यात सहा, मूठभर फुटाण्यात सहा. हिशेब जमतो, पण वरण म्हणजे पिवळे पाणी असेल तर जमत नाही. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन पोत्यांनी पिकते. बाजार समितीत रांगा लागतात, भाव पडला की घराघरांत चर्चा होते आणि आपल्या स्वयंपाकघरात त्यातले येते फक्त तेल! शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये छत्तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. चांगले भाजून, गव्हाच्या दहा किलो दळणात किलोभर टाकावे. कच्चे दळू नये, ते पचत नाही. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाबीनचे पदार्थ त्यानंतर काही तासांनी खावेत.

तेल आणि साखर यांच्याबद्दल थोडक्यात. चार माणसांच्या घराला महिन्याला तीन लिटर तेल पुरले पाहिजे. पिंप कधी फोडले त्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा, म्हणजे खरे काय ते कळेल. दिवसात पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे दोनशे कॅलरी झाल्या. ‘‘आल्या-गेल्यासोबत घ्यावाच लागतो’’ हे मला मान्य आहे. अर्धा कप घ्या.

व्यायामाचे नाव काढले की ‘‘दिवसभर कामच करते की’’ असे उत्तर येते. घरकामात हालचाल होते, पण ती तीच ती असते आणि स्नायूंवर वाढता भार पडत नाही. चालणे उत्तम आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, सोबतिणीशी बोलता येईल पण भजन म्हणता येणार नाही अशा गतीने. आपल्याकडे वर्षातून एकदा शेगावला पायी जाणाऱ्या बायका मी पाहते. तीन-चार दिवस पाय सुजेपर्यंत चालतात आणि पुढचे अकरा महिने रिक्षाशिवाय बाजारात जात नाहीत. महाराजांना रोजचे चालणेही चालेल. साडीवर बूट घालायची लाज वाटते, पहाटे कुत्री मागे लागतात, एकटीने जायला घरचे नको म्हणतात, या अडचणी खऱ्या आहेत. गल्लीतल्या चौघींनी मिळून निघावे. वाशीममध्ये पद्मतीर्थाकडे सकाळी फिरणाऱ्या बायका दिसतात, त्यांना आता कोणी वळून पाहत नाही. उन्हाळ्यात मात्र साडेपाचलाच निघा, सात वाजले की ऊन सोसत नाही.

नुसत्या चालण्याने स्नायूंची झीज थांबत नाही. त्यासाठी भार उचलावा लागतो. जिमला जा असे मी सांगत नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे आणि सावकाश बसावे. थोडे थांबून पुन्हा दहा वेळा. ओट्याला धरून टाचा वर उचलाव्यात. भिंतीला तळवे टेकवून दंड काढल्यासारखे पुढे-मागे व्हावे. पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्या हातांत धरून कोपरात वाकवाव्यात. आठवड्यातून दोन-तीनदा, पंधरा-वीस मिनिटे. सोपे वाटू लागले की संख्या किंवा वजन वाढवावे, इथेच बहुतेकींचे थांबते. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्ची घ्या. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचे दुखणेही कमी होते.

हे सारे मी गावातल्या, शहरातल्या बायकांसाठी लिहिले. शेतमजुरी करणाऱ्या बाईचा प्रश्न निराळा आहे आणि त्याबद्दल आमच्या धंद्यात पुरेसे बोलले जात नाही. निंदण, वेचणी, डोक्यावर भारा, घरी आल्यावर चूल. तिला अधिक व्यायाम सांगणे म्हणजे थट्टा आहे. ती सर्वांच्या शेवटी जेवते आणि तोवर वरण संपलेले असते. हातपाय काटकुळे, पोट पुढे, आणि पन्नाशीत घसरून पडली की मनगट मोडते. तिला डाळ, अंडी, दूध-ताक, तिळाची चटणी हवी. पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पेलाभर दुधातून त्यातले अडीचशेच्या आत मिळते. घरातल्या पुरुषांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. ‘ड’ जीवनसत्त्वाची आठवड्याची पुडी मात्र कोणी सांगितली म्हणून वर्षानुवर्षे खाऊ नये, ती ठरावीक आठवड्यांपुरतीच असते.

याच स्त्रियांवर आणखी एक संकट येते. अंगावरून जास्त जाते, पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून तिशी-पस्तिशीत ‘पिशवी’ काढून टाकली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले, ते वाचकांना आठवत असेल. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्याच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी लागू कराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली तर जी रजोनिवृत्ती चार-पाच वर्षांत हळूहळू यायची, ती एका दिवसात येते. हाडे, स्नायू, हृदय यांना सावरायला वेळच मिळत नाही. अंडाशये ठेवली तरी ती थोडी लवकर थकण्याची शक्यता असते.

कर्करोग, फार मोठ्या गाठी, कशानेच न थांबणारा रक्तस्राव अशा वेळी शस्त्रक्रिया जीव वाचवते, तेव्हा घाबरून ती टाळू नये. पण त्याआधी सोनोग्राफी झाली का, गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने भागेल का, आणि अंडाशये ठेवणार की काढणार, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘‘आता मुलंबाळं झाली, ठेवून काय करता, पुढे कॅन्सर होईल’’ एवढ्यावर कोणी तारीख देत असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्या. जिल्हा रुग्णालयात तो मिळतो.

हार्मोनच्या गोळ्यांनी वजन उतरते का, असे विचारले जाते. त्या गोळ्या अंगातल्या वाफा आणि झोपमोड यांवर गुणकारी आहेत, वजनासाठी त्या देत नाहीत, आणि स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांना सहसा देत नाहीत. अंडाशये कमी वयात काढली असतील तर मात्र त्याबद्दल तज्ज्ञांना आवर्जून विचारावे. अलीकडे वजनाच्या इंजेक्शनांचीही विचारणा होते. ती काही रुग्णांना उपयोगी आहेत, परंतु चरबीबरोबर त्यांनी स्नायूही घटतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नकोत. डब्यातून घरपोच येणाऱ्या ‘फॅट कटर’ पावडरीबद्दल मी लिहिले तर संपादकांना छापता येणार नाही!

वजन झपाट्याने वाढून चेहरा सुजल्यासारखा वाटत असेल, थंडी सोसत नसेल, तर थायरॉईडची तपासणी करावी. काही न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नये, साखर तपासावी. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी ‘पुन्हा सुरू झाली’ असे समजून घरी बसू नये, त्याच आठवड्यात दाखवावे.

पिशवी काढलेली असेल तर डॉक्टरकडे जाताना त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. अंडाशये ठेवली की काढली ते त्यावर लिहिलेले असते. कार्ड हरवले असेल तर जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे नक्कल मागा, नाहीतर सोनोग्राफीत पाहता येते.