कोईमतूर किती लांब? विमानाचे दोन तास आणि आपले तेरा तास

सभासद बंधूंनो, कोईमतूरची ऊस पैदास संस्था पाहायला जाऊ या, अशी मागणी बऱ्याच गटांतून आली आहे. मागणी रास्त आहे. जातीच्या नावातले 'को' हे कोईमतूरचेच. १९१२ साली संस्था सुरू झाली, आणि आपल्या शिवारात उभा असलेला को ८६०३२, म्हणजे नीरा, तिथल्याच संकरातून आला. वाद आहे तो जाण्याचा. "साहेब, मुंबईहून विमानानं दोनच तास, मग बसमध्ये अंग कशाला मोडून घ्यायचं?" असे काही मंडळी विचारतात. तेव्हा हिशोब मांडून बघू.

मुंबई ते कोईमतूर हे आकाशातले सरळ अंतर सुमारे १,००० कि.मी. आहे. जेट विमान उंचावर गेले की ताशी ८०० कि.मी.च्या पुढे पळते. म्हणजे सव्वा तासात पोचायला हवे. वेळापत्रकात मात्र दोन तासांच्या आसपास वेळ दिसते. मधला वेळ जातो कुठे? विमान जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि पलीकडे जाऊन उभे राहिले की बंद. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणे, नंबर लागेपर्यंत थांबणे, सारे त्यात आले. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. चढताना-उतरताना वेगही कमी असतो. आपल्याला हे नवे नाही. उसाचा ट्रॅक्टर वीस किलोमीटर तास-दीड तासात येतो, पण काट्यावरून गव्हाणीत मोळी पडेपर्यंत किती वेळ जातो ते तुम्ही जाणताच!

वाऱ्याचाही परिणाम होतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा वारा जोरात असतो, त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला जाताना वेळ कमी आणि परतताना जास्त लागतो. कोईमतूर दक्षिणेला असल्याने वारा आडवा येतो व तेवढा फरक पडत नाही.

आता घरापासून मोजा. आपण कोल्हापूर भागातले. दक्षिणेला जायचे म्हणून आधी उत्तरेला मुंबई गाठायची, म्हणजे पावणेचारशे कि.मी. उलटी वाट! त्याला आठ तास धरा. विमानतळावर दोन तास आधी हजर, विमानाचे दोन, उतरून सामान घेऊन गावात जायला एक. झाले तेरा तास. बेंगळुरूमार्गे बसने रस्ता हजार कि.मी.च्या आतच आहे; चहा-जेवण धरून अठरा ते वीस तास लागतील. वाचले पाच-सात तास, आणि भाडे किती पट ते ज्याने त्याने बघावे. उजळाईवाडीहून बेंगळुरूचे विमान सोयीचे मिळाले तर हिशोब बदलेल, पण पुढच्या विमानाची वेळ जुळते का ते आधी पाहावे. नाही तर वाचलेला वेळ बाकड्यावर बसण्यातच जायचा.

आमचे मत असे, की चाळीस जण जाणार असतील तर बस बरी. दोघे-तिघे असून तोडणीची पाळी जवळ आली असेल तर विमानाचा विचार करावा. कारण तुरे आणि संकराचे काम बघायचे तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच जावे लागते, आणि तेव्हाच आपला गळीत हंगाम तोंडावर असतो. तोडणीची तारीख गट कार्यालयात विचारून मगच नाव द्यावे.

येताना पिशवीतून बेण्याची कांडी मात्र आणू नये. कांडीबरोबर रोगही येतो, मग तो विमानाने येवो की बसने.