एका दरबाराची सतरा वर्षे

१७९० साली पेशवे, निजाम आणि इंग्रज यांचा टिपूविरुद्ध पुण्यात तह झाला. मंजूर होऊन आलेला तहनामा रेसिडेंट चार्ल्स मॅलेटने भर दरबारात सवाई माधवरावांना दिला. पेशवे तेव्हा सोळा वर्षांचे होते. या प्रसंगाचे छापील चित्र निघाले ते १८०७ मध्ये, इंग्लंडात. मधली सतरा वर्षे ध्यानात घेतल्याशिवाय त्याला पुरावा मानू नये, असे माझे ठाम मत आहे.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला १७९१ मध्ये. म्हणजे तो दरबार त्याने पाहिलाच नव्हता. पुढे पुण्यात त्याने पेशवे आणि नाना फडणिसांची चित्रे त्यांना समोर बसवून काढली; गंगाराम तांबट त्याच्या हाताखाली होता. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, आणि नोव्हेंबरात मुंबईजवळच्या साष्टी बेटावर वेल्सही. वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, मॅलेटने १७९९ मध्ये लग्न केले. वेल्सच्याच रेखाटनांवरून त्याने टॉमस डॅनियलकडून १८०५ मध्ये दरबाराचे तैलचित्र करवून घेतले. त्यावरून चार्ल्स टर्नरने मेझोटिंट कोरले.

मेझोटिंटची रीत उलटी आहे. तांब्याचा पत्रा आधी दातेरी हत्याराने सगळीकडून खरखरीत करायचा. तसाच छापला तर कागद गच्च काळा उठतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडायचे, घोटायचे. त्यामुळे पांढरे अंगरखे अंधारातून वर येतात आणि नजर त्या उजेडाच्या वाटेने पेशव्यांपाशी पोचते. आपल्या जुन्या दरबारी चित्रांत मोठ्या माणसाला पुष्कळदा आकारानेही मोठे काढत. इथे तो मान छायाप्रकाशाने दिला आहे. मात्र पगडीचा घाट उरतो, रंग जातो. हे नुकसान लहान नाही.

चेहऱ्यांवर मी विश्वास ठेवतो, कारण ते समोर बसवून टिपलेले. कोण कुठे, किती जवळ बसला, ही मांडणी मात्र मॅलेटच्या गौरवासाठी नंतर केलेली आहे. शनिवारवाड्यातले महाल १८२८ च्या आगीत गेले. त्यामुळे हे चित्र पुस्तकांतून पुन्हापुन्हा छापले जाणारच. छापणाऱ्यांनी त्याखाली नुसते ‘१७९०’ लिहू नये. १८०५ आणि १८०७ ही सालेही द्यावीत.