रुबार्बचा गड्डा फोडताना

खाण्याजोग्या देठांसाठी वाढवला जाणारा रुबार्ब इंग्लंडच्या परसबागेत एकदा लावला की वर्षानुवर्षे टिकतो. मात्र पाच-सहा वर्षांत गड्डा दाटतो आणि देठ बारीक निघू लागतात. तेव्हा तो फोडावाच.

पाने झडल्यावर, नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, जमीन गोठलेली नसेल असा दिवस निवडा. अख्खा गड्डा मुळांसकट उचला आणि धारदार फावड्याने सरळ तोडा, हात आखडू नका. आत केशरी-पिवळा, टणक गर दिसला की गड्डा निरोगी समजावा. प्रत्येक तुकड्यावर लालसर, फुगीर असा निदान एक डोळा हवा. कडेचे तुकडे जोमदार असतात, मधला जुना, कुजका भाग टाकून द्या. खड्ड्यात मुरलेले शेणखत भरपूर घाला. दोन रोपांत 75 ते 90 सेंटिमीटर अंतर सोडा. डोळा मातीच्या पातळीवर किंवा किंचित वर राहू द्या, खोल गाडला तर तो कुजतो.

पहिल्या वर्षी एकही देठ काढू नका. मोह होतो, पण मुळे धरण्यासाठी झाडाला त्या देठांवरची पाने हवी असतात.

रुबार्बला थंडीची गरज मात्र असतेच. यॉर्कशरमधल्या वेकफिल्ड भागात अंधाऱ्या शेडमध्ये मेणबत्तीच्या उजेडात काढल्या जाणाऱ्या रुबार्बला 2010 मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. त्याचेही गड्डे आधी शेतात थंडी खातात.

आणि अळूच्या सवयीने पानांची भाजी करू नका. पानांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते, ती शिजवूनही विषारीच राहतात.